वापरलेल्या स्क्रॅच मिक्सरमधला क्रॉसफेडर असा काढून घेतात

डीजेच्या स्क्रॅचिंगसाठी, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे करून आवाज काढण्यासाठी, सेकंडहँड डिजिटल मिक्सर घेताना मला ठरवून फसवण्यात आलं. यंत्र चालू स्थितीत मिळालं, मॉडेलही जाहिरातीतलंच होतं. पण ज्या एका भागासाठी माणूस असा मिक्सर घेतो, तो क्रॉसफेडर, म्हणजे एका डेकचा आवाज बंद करून दुसऱ्याचा उघडणारी सरकती दांडी, तोच काढून घेतलेला होता. ही चलाखी कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून घडलं ते सविस्तर लिहितोय.

मला दोन चॅनेलचा बॅटल मिक्सर, म्हणजे खास स्क्रॅचिंगसाठीचा मिक्सर हवा होता. चार चॅनेल लांबलचक सेट वाजवणाऱ्यांना सोयीचे; स्क्रॅच करणाऱ्याला क्रॉसफेडरच्या आजूबाजूला हाताला मोकळी जागा लागते आणि फेडर अगदी हलका लागतो. साध्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवरून धातूचं टोक घासत जातं. क्रॅब नावाचा स्क्रॅच वाजवताना अंगठा फेडरला बंद बाजूकडे रेटून धरतो आणि बाकीची बोटं एकामागून एक त्याला उघडत जातात. रोज असा मारा झाला की पट्टी झिजणारच. मॅग्नेटिक फेडरमध्ये घासणारं असं काही नसतं, चुंबक कुठे आहे ते सेन्सर ओळखतो. रेन कंपनीचे मॅग्नेटिक फेडर याच कारणासाठी नावाजले गेले, आणि पायोनिअरने २०१५ मध्ये डीजेएम-एस९ आणला तेव्हा त्यात मॅगव्हेल हा मॅग्नेटिक फेडर दिला. असा फेडर सुटा विकला तरी चांगले पैसे येतात, आणि या फसवणुकीचं मूळ तिथेच आहे.

जाहिरातीत फोटो भरपूर होते. विक्रेता गोड बोलणारा, विषयातला जाणकार. ‘घरीच वापरलाय, फेडरला फारसा हात लागलेला नाही’, असं त्याने लिहून दिलं. मी क्रॅब आणि ट्रान्सफॉर्मर हे फेडरवरचे स्क्रॅच वाजवतानाचा व्हिडिओ मागितला. तो लगेच आला, आणि वाजवणाऱ्याचा हात खरोखर तयार होता. एकेक क्लिक सुटी ऐकू येत होती.

पार्सल आलं. पडदा, पॅड, इफेक्ट, हेडफोनचा आवाज सगळं व्यवस्थित. यूएसबी जोडल्यावर लॅपटॉपने मिक्सर ओळखला. बेबी स्क्रॅच छान वाजला, पण त्यात फेडर लागतच नाही, नुसता हात तबकडीवर पुढेमागे. क्रॅबला सुरुवात केली आणि चार क्लिकच्या जागी दोनच ऐकू येऊ लागल्या. फेडर उघडण्याचं अंतर, म्हणजे कट लॅग, सेटिंगमध्ये कमीत कमी ठेवलं तरी आवाज यायला फेडर बराच आत सरकवावा लागत होता. एका बाजूला पूर्ण बंद केल्यावरही दुसऱ्या डेकचा ठेका मागे पुसट ऐकू येत होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण फसवणारे तिच्याच आडोशाला लपतात. जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये बऱ्याचदा आवाज स्वतः फेडरच्या पट्टीतून जायचा. पट्टी झिजली की खरखर सुरू व्हायची आणि ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. डिजिटल मिक्सरमध्ये फेडर फक्त ‘मी इथे आहे’ एवढंच सांगतो, आवाज किती सोडायचा ते आतला प्रोसेसर ठरवतो. त्यामुळे फेडर टाकाऊ असला तरी गाणं स्वच्छच वाजतं. ‘बघा, कुठे खरखर आहे का?’ असं विक्रेता विचारतो तेव्हा त्या प्रश्नाने काहीच सिद्ध होत नाही.

मी मोबाइल स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग न थांबवता नॉब काढले, स्क्रू सोडवले आणि वरची पट्टी उचलली. मूळ फेडरची वायर कनेक्टरने जोडलेली असते. इथे कनेक्टर मुळाशी कापून त्याच्या वायरींना दुसऱ्याच फेडरच्या तीन वायरी डागल्या होत्या, वर ग्लू गनचा पिवळट गोळा. फेडर साधा कार्बनचा होता, दांडी बोटाने हलवली तर आडवी डुगडुगत होती. मग व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यातल्या मिक्सरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रू नव्हता, माझ्याकडे आलेल्यात सगळे स्क्रू जागेवर होते. म्हणजे वाजवून दाखवलेलं यंत्र वेगळंच होतं.

विचारल्यावर तो आधी म्हणाला, कुरिअरवाल्यांनी आदळलं असेल. आदळल्याने वायरी डागल्या जात नाहीत, असं मी लिहिल्यावर म्हणाला की तुम्हीच उघडून बदललंत. त्या आरोपाला माझ्याकडे उत्तर होतं ते सलग रेकॉर्डिंगमुळे: बंद खोक्यावरचं लेबल, मागचा सीरियल नंबर आणि उघडलेला फेडर एकाच चित्रणात, मध्ये कुठेही कट नाही. त्यावरच विक्रीच्या साइटने यंत्राचे पैसे परत केले.

बुडाले ते ‘सॉफ्टवेअर लायसन्स ट्रान्सफर’ म्हणून त्याने साइटच्या बाहेर वेगळे मागून घेतलेले पैसे. हे इतरांनी खास लक्षात ठेवावं. सेराटो डीजे प्रो हे लॅपटॉपवरचं डीजे सॉफ्टवेअर ज्या मिक्सरबरोबर खुलं होतं, तिथे तो मिक्सरच परवाना असतो. यूएसबी जोडली की सॉफ्टवेअर उघडतं, कोणी कोणाच्या नावावर काही करून द्यायचं नसतं. काही यंत्रांना डीव्हीएससाठी, म्हणजे तबकडीने लॅपटॉपवरची गाणी हाताळण्याच्या सोयीसाठी, वेगळा परवाना लागतो खरा, पण तो वापरणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर घ्यायचा असतो. सेराटोच्या साइटवर कोणत्या यंत्राबरोबर काय मिळतं याची यादी आहे, तीच बघा. जाहिरातीत नुसतं ‘सेराटो मिक्सर’ म्हटलेलं असेल तर आणखी जपून: रेनचा पहिला टीटीएम ५७एसएल जुन्या स्क्रॅच लाइव्हसाठी होता, आणि ते सॉफ्टवेअर कधीच बंद झालंय.

आता मी तयार व्हिडिओ स्वीकारत नाही, लाइव्ह कॉल मागतो. कॅमेरा आधी सीरियल नंबरवर, तिथून मध्ये कट न करता फेडरवर. एका डेकवर सलग सूर लावायचा, कट लॅग कमीत कमी ठेवायचा आणि फेडर बंद टोकापासून अगदी सावकाश सरकवायला सांगायचा. चांगला फेडर थोडं सरकताच पूर्ण उघडतो. मग पूर्ण बंद करून हेडफोनमधला नव्हे, मास्टरचा आवाज ऐकवायला सांगायचा. तबकडी वापरणार असाल तर टाइमकोडची, म्हणजे गाण्याऐवजी सॉफ्टवेअरसाठीचा संकेत असलेली तबकडी लावून सेराटोच्या सेटिंगमधला स्कोप, म्हणजे त्या संकेताचं चित्र, दाखवायला सांगा. तिथे गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. इनपुटची एक बाजू मेलेली असेल तर त्याची नुसती रेघ होते. ज्याचं यंत्र खरं आहे त्याला याचा राग येत नाही, हे मी नंतर दुसरा मिक्सर घेताना पाहिलं. त्या विक्रेत्याने तर वरची पट्टी स्वतःहून उचलून आतला कनेक्टर दाखवला.

मला फसवणाऱ्याचं खातं आता दिसत नाही, पण तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा आलेत. वरच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रू नाही, मागे राखाडी पडदा आहे आणि मजकुरात ‘लायसन्स वेगळं’ असं लिहिलंय. मी साइटकडे तक्रार केली आहे. तुम्हालाही ती जाहिरात दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा, म्हणजे ती लवकर उतरवली जाईल.