आगाखान पॅलेस : अहिंसेची किंमत दाखवणारी वास्तू

नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस बहुतेक पुणेकरांनी शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेला असतो. त्यानंतर तो पाहुण्यांना दाखवण्यापुरताच उरतो. अकरावीतल्या भाचीला 'शांततावाद' या विषयावर निबंध लिहायचा होता, आणि युद्ध नको म्हणणाऱ्याने नेमके करायचे काय, हा तिचा प्रश्न मला सोडवता येईना, म्हणून मी तिला घेऊन तिथे गेले.

१८९२ साली बांधलेल्या या वास्तूच्या कमानींचे आणि हिरवळीचे कौतुक पुरेसे झाले आहे. खरे पाहण्यासारखे आहे ते आत. ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी येथे स्थानबद्ध होते. 'भारत छोडो' आंदोलनातील नेत्यांच्या अटकसत्रानंतर देशात उसळलेल्या हिंसाचाराचे खापर सरकारने त्यांच्यावर फोडले, तेव्हा तो आरोप नाकारून त्यांनी १० फेब्रुवारी १९४३ रोजी येथेच २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. मारायचे नाही, पण अन्यायापुढे मानही तुकवायची नाही, आणि त्यासाठी लागणारे क्लेश स्वतःच्या देहावर घ्यायचे, हा अहिंसेचा अर्थ भाचीला कोणत्याही व्याख्येपेक्षा गांधीजींच्या इथल्या खोलीच्या दाराशी अधिक कळला.

आम्ही बरोबर नेलेल्या खाजगी मार्गदर्शकाने मात्र निराशा केली. गांधीजींचा युद्धाशी कधी संबंधच आला नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. वस्तुतः १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्यांनी जखमींची शुश्रूषा करणारे भारतीयांचे पथक उभे केले होते, आणि १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात ते ब्रिटिश सैन्यासाठी भरती करत गावोगाव फिरले होते. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचे झाल्यास आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे त्यांनी १९२० मध्ये लिहिलेही होते. या अवघड गोष्टी मुलांपासून लपवल्या, तर अहिंसा म्हणजे हात बांधून बसणे, असाच त्यांचा समज होतो. बारा-तेरा वर्षांची मुले कान देऊन ऐकत असताना हे घडावे, याचे मला फार वाईट वाटले.

मागच्या बाजूच्या समाध्यांसाठी निवांत वेळ ठेवावा. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई अटकेनंतर आठवड्याभरातच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. दोघांचेही दहन याच आवारात झाले. भाचीने दोन्ही तारखा वहीत उतरवल्या, मधले महिने बोटांवर मोजले आणि ती तिथेच पायरीवर बसून राहिली.

दीड तास तरी हाताशी असू द्यावा. मार्गदर्शक नेणार असाल, तर १९१८ विषयी त्यांना आधी जरूर विचारावे.