आठ महिन्यांत 'पी' सुटला, तरी कोश ठेवतोय

परवा नववीच्या तासाला इंग्रजी शब्दकोश उघडला आणि 'पी'चा अख्खा गठ्ठा हातात आला. शिवण नाहीच, नुसता गोंद. अप्पा बळवंत चौकात घासाघीस करून साडेआठशेला घेतला होता, शाळेच्या नाही, स्वतःच्या पैशांनी. म्हणून जास्त लागलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सर, जाड पुस्तक आहे, सारखं उघडून पालथं ठेवू नका." कोश उघडायचा नाही तर काय पूजेला ठेवायचा? प्रकाशकाला मेल केली. त्यांनी फोटो मागवले, मी पाठवले, पुढे शांतता.

शब्द किती, आवृत्ती कोणती, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मी घेतला तो फक्त उच्चारासाठी, त्यातही आघातासाठी, म्हणजे शब्दाच्या कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा त्यासाठी. आपण मराठी माणसं इंग्रजी शब्दाचे सगळे तुकडे एकाच वजनाने बोलतो, कारण मराठीत आघात हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. म्हणून फळ्यावर शब्द, बाकावर कोश आणि आघाताच्या तुकड्यावर टाळी, असा तास सुरू केला.

आता माझी मुख्य तक्रार. आघाताची खूण. एवढीशी उभी रेघ, डासाच्या पायाएवढी, ज्या तुकड्यावर जोर द्यायचा त्याच्या आधी वर. दुय्यम आघाताची तर खाली, ती चष्म्यातूनही सापडत नाही. पान झेरॉक्स करून वाटलं की रेघ गायब, किंवा नसलेली रेघ धुळीच्या ठिपक्यातून तयार. त्यात आमच्या कपाटातल्या जुन्या कोशात हीच खूण तुकड्याच्या नंतर येते. दोन्ही पद्धती आहेत, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत ती आधी येते. पण अर्धा वर्ग जुना कोश बघून एका तुकड्यावर टाळी देणार आणि अर्धा नवा बघून दुसऱ्यावर. पहिले दोन महिने आमचा तास म्हणजे बेसूर भजनी मंडळ होतं. ध्वनिलिपीतून उच्चार देणारा ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा कोश १९१७ साली आला. शंभर वर्षांत रेघ जरा ठळक करायला काय हरकत होती?

तेव्हा मी पाचपैकी दोन तारे देणार होतो. मग दिवाळीनंतर एका गोष्टीने मत बदललं.

कोशात एक उलटा 'ई' असतो. पोरांनी त्याचं नाव 'शीर्षासन' ठेवलं. त्याचा उच्चार म्हणजे जवळपास आपल्या 'घर'मधला 'अ'. आणि या कोशाच्या पद्धतीत एकट्या शीर्षासनावर आघात कधीच नसतो ('फोटो'च्या 'फो'सारखं दुसऱ्या स्वराला जोडलेलं असेल तर असू शकतो). हे कळल्यावर रेघ दिसली नाही तरी अर्धं काम होतं: एकट्या शीर्षासनाचे तुकडे खोडायचे, उरलेल्यांत आघात शोधायचा. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या तुकड्यावर जोर, मधला 'टो' नाही, 'ट'. 'फोटोग्राफर' बघा: फ-टॉ-ग्र-फ. चार तुकडे, तीन शीर्षासनं, उरला 'टॉ'. 'फोटोग्राफिक'मध्ये जोर उडी मारून 'ग्रॅ'वर जातो, कारण 'इक' लागलं की साधारणपणे त्याच्या आधीचा तुकडा जोर घेतो. एका मुलाने लगेच 'इकॉनॉमिक' काढून तपासलं. बरोबर निघालं. त्या दिवशी मलाच टाळी मिळाली.

आणि 'पी'च का सुटला, तेही लक्षात आलं. नाम-क्रियापदांच्या जोड्या शिकवायला सगळ्यात सोयीचं अक्षर तेच. परमिट, प्रोजेक्ट, प्रोड्यूस, प्रोग्रेस, प्रोटेस्ट: नाम असेल तर पहिल्यावर जोर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. (सगळीकडे हा नियम चालत नाही. 'प्रॉमिस' नाम असो की क्रियापद, जोर पहिल्यावरच.) 'प्रेझेंट' तर रोज हजेरीला. आधी सगळे दोन्ही तुकडे सारखे ठोकून "प्रेझेंट सर" ओरडायचे. आता पहिला तुकडा मोठा, दुसरा गिळलेला, 'प्रेझ्न्ट'. आणि हजेरीच्या वहीत मान घालून मी विचारतो, "कोण काय प्रिझेंट करणार आज?" तेव्हा फरक कानाला ऐकू येतो. ही पानं दिवसातून दहादा उघडली गेली, गोंदाने किती तग धरायचा?

माझीही फजिती झाली, ती लिहिलीच पाहिजे. एकोणीस वर्षं मी 'डेव्हलप' म्हणताना 'डे'वर जोर देत आलो. तिसऱ्या बाकावरची मुलगी बोट ठेवून म्हणाली, "सर, रेघ 'डे'च्या आधी नाहीये." खरंच नव्हती. दि-व्हे-लप. मी म्हटलं, "बस खाली," आणि घरी जाऊन 'कमिटी'ही तपासली. तिथेही जोर मधल्यावर. नंतर दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं.

मोबाइलवरचा आवाज मात्र उत्तम. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. 'लॅबोरेटरी' ऐकवली तर ब्रिटिश 'ल-बॉ', अमेरिकन 'लॅब'पासून सुरू. "सर, तोंडीला कुठली?" एक पकड आणि सोडू नको, असं सांगितलं. 'काँट्रोव्हर्सी'चे तर ब्रिटिश उच्चारच दोन दिलेत, त्यावरून मागच्या बाकावर खरीच काँट्रोव्हर्सी झाली. पण हा आवाज फुकटच्या आवृत्तीतला. पूर्ण आवृत्तीसाठी मागच्या पानावरचा खरवडायचा कोड टाकला की आधीच वापरल्याचा संदेश येतो. खरवडला मी, माझ्याच किल्लीने.

आता तारे साडेतीन. अर्धा त्या रेघेसाठी कापला, एक बांधणी आणि कोड मिळून. घेणार असाल तर पाच-सहा पाने उघडून पाठीवर दाब देऊन बघा, आणि घरी आल्यावर लगेच रेघा लाल पेनने जाड करायला घ्या. मी 'एस'पर्यंत आलोय. मधला 'पी'चा गठ्ठा बाइंडरकडे आहे. तो ऐंशी रुपयांत दोऱ्याने शिवून देतो म्हणाला, पण कडा कापणार, आणि कडेला छापलेली अक्षरांची काळी खूण जाणार. मी म्हटलं, कापू नको, तशीच शीव. गुरुवारी मिळेल.