डिस्क सुरूसुद्धा न करता माझ्याकडून १,१६,५०० उकळले

चार डिस्कचा रेड-५ (एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्क), प्रत्येकी ४ टीबी, एका डिस्कएवढी जागा त्या सुरक्षेला जाते, म्हणजे हाती १२ टीबी. त्यात नऊ वर्षांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं. एक डिस्क मेली, नवी घालून रीबिल्ड (मेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्यांवरून नवीवर पुन्हा तयार करणं) लावला आणि ६१ टक्क्यांवर दुसरी डिस्क अडकली. रेड-५ एकाच डिस्कचं मरण सोसतं. पुढचं सांगायला नको. मी तत्काळ मशीन बंद केलं. डिस्क इनिशिअलाइझ (नव्याने वापरासाठी तयार) केल्या नाहीत, चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण "तूच काहीतरी केलं असशील" हे ऐकून कान किटलेत.

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्याने तपासणीचे ४,५०० घेतले. मग "दोन डिस्कची हेड गेलीत" (हेड म्हणजे डेटा वाचणारा भाग), म्हणून डोनर डिस्कचे, म्हणजे हेड काढून घ्यायला तशाच दुसऱ्या डिस्कचे, ३८,०००. मग क्लीन रूमचे, म्हणजे डिस्क उघडायच्या धूळमुक्त खोलीचे, ६२,०००. का दिले? कारण त्याने मला सापडलेल्या फाइलींची यादी पाठवली होती.

ती यादीच मला खाते आहे. सुरुवातीला त्याने "महत्त्वाचे फोल्डर लिहून द्या" म्हटलं, मी घाईत आठवणीने लिहून दिले. त्यातला एक फोल्डर मी दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या डिस्कवर हलवून इथून पुसला होता, लिहिताना लक्षात राहिलं नाही. त्याच्या "सापडलेल्या" यादीत तो होता! माझ्याच क्रमाने, माझ्याच चुकीच्या स्पेलिंगसह. मी ते पाहिलं. आणि मनाशी म्हटलं, जुन्या नोंदी शिल्लक असतील. पुसलेल्या फाइलींच्या नोंदी सापडतात हे खरंच आहे, म्हणून मला ते पटलं. पण माझं चुकीचं स्पेलिंग डिस्कवर कुठून येणार? रात्रभर रडून झाल्यावर माणूस ज्यावर विश्वास ठेवायचा त्यावर ठेवतो.

फोल्डरांची यादी कुणालाही देऊ नका. फाइलचं नाव तुम्ही सांगा आणि ती तुमच्यासमोर उघडायला लावा.

मग "डेटा वाचत नाही" आणि डिस्क परत हव्या असतील तर आणखी १२,०००. तेही दिले. डिस्क परत देण्याची अट आधी लेखी घ्या.

दुसऱ्या लॅबने स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदी) काढला. माझ्या मेलमधल्या शेवटच्या अहवालात तिन्ही जिवंत डिस्कचा पॉवर सायकल काउंट (डिस्क किती वेळा सुरू झाली तो आकडा) २१४ होता. आता २१५, आणि तो एक आकडा या लॅबने डिस्क सुरू केल्यामुळे वाढलेला. आधीच्याने महिनाभरात एकदाही वीज जोडली नव्हती. हेड शाबूत होती. डिस्क सोपवण्याआधी असा अहवाल, सिरियल नंबर आणि कोणती डिस्क कोणत्या कप्प्यात होती त्याचा फोटो ठेवा.

पोलिसांनी विचारलं, "डिस्क परत मिळाल्या ना? मग चोरीला काय गेलं?" स्मार्ट अहवाल पुढे ठेवला, तर तो हातात न घेताच "हा तुमचा आपसातला व्यवहार" म्हणाले. तीन खेपा घातल्या, तीन वेगळी माणसं, प्रत्येकाला रेड म्हणजे काय इथपासून. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, अनधिकृत व्यवहार नाही. ग्राहक तक्रार केली, तर समोरच्याचं "सेवा दिली" एवढं दोन शब्दांचं उत्तर आलं आणि तक्रार 'निकाली' झाली. मला एक प्रश्न विचारला गेला नाही! माझा पुरावा कुणी उघडला की नाही, हेसुद्धा कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या लॅबने मूळ डिस्कवर काहीही न लिहिता तिन्हींच्या सेक्टर-सेक्टर (डिस्कवरचा प्रत्येक लहान तुकडा जसाच्या तसा) प्रती काढल्या आणि ॲरे (डिस्कचा पूर्ण संच) त्या प्रतींवरून जुळवला. अडकलेल्या डिस्कचे थोडेच सेक्टर वाचता आले नाहीत. सात मुलाखती तुटक निघाल्या, बाकी आल्या. त्या सातातले दोघे आता हयात नाहीत.