दहा ओळी की २५६ बाइट? जुन्या संगणकाच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना

माझी भाची गोव्यात साखळीला अकरावी सायन्सला आहे. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिला बऱ्यापैकी येते. चवथीच्या सुट्टीत तिने माझ्या लॅपटॉपवर झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा एम्युलेटर (त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) पाहिला आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला चार हाका मारल्या तरी जागची हलली नाही. रात्री जेवताना विचारलं, "मामा, याच्या स्पर्धा असतात ना? मी कुठल्या स्पर्धेत भाग घेऊ?" पुढच्याच आठवड्यात हाच प्रश्न वेर्ण्याला मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने केला. दोघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि ती का दिली ते इथे लिहितो.

आधी एक शंका मिटवू. खरा जुना संगणक घरात असायला हवा, असं मुळीच नाही. आपल्या दमट हवेत तो सांभाळणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं. फ्यूज, व्हाइस, बीबेम हे एम्युलेटर फुकट मिळतात आणि या स्पर्धांना ते चालतात. शिवाय ही यंत्रं आपल्याला अगदीच परकी नाहीत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते आणि १९८६ पासून डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती इथे विकली होती. पन्नाशीच्या आसपासच्या एखाद्या काकांना विचारून बघा, कुणीतरी तो वापरलेला निघेल.

आता मुख्य दोन पर्याय.

पहिला, बेसिक टेनलायनर. २०११ पासून दरवर्षी होणारी, जर्मनीतून चालणारी स्पर्धा. आठ बिटी संगणकाच्या बेसिकमध्ये, म्हणजे त्या यंत्रांसोबत येणाऱ्या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत, अख्खा खेळ दहा ओळींत लिहायचा. ओळ किती लांब चालेल यावर गट ठरतात: पुर-८० मध्ये ८० अक्षरं, पुर-१२० मध्ये १२०, एक्स्ट्रीम-२५६ मध्ये २५६. निकाल परीक्षक देतात. खेळासोबत, प्रत्येक ओळ काय करते याचं स्पष्टीकरणही पाठवावं लागतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या स्पर्धेतली सर्वात मोलाची गोष्ट मला तीच वाटते. आपलाच कोड दुसऱ्याला समजावून सांगताना तो आपल्याला किती कळला आहे हे लगेच उघडं पडतं.

दुसरा, लव्हबाइट. २०२१ पासून पूर्णपणे ऑनलाइन होणारा मेळावा, बहुधा फेब्रुवारीत. इथे ओळी मोजत नाहीत, बाइट मोजतात. २५६ बाइटांचा गट सगळ्यांत परिचित, आणि त्यात जुन्या यंत्रांसाठी वेगळी स्पर्धा असते. २५६ बाइट म्हणजे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, म्हणजे या परिच्छेदातलं एखादं मध्यम वाक्य. तेवढ्यात हलतं चित्र आणि जमल्यास संगीतही बसवायचं. इथे कौल प्रेक्षकांच्या मतांचा. प्रक्षेपण युरोपच्या वेळेनुसार होतं आणि फेब्रुवारीत आपण साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे तिथली संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. जागरणाची तयारी ठेवा.

दोन्हीकडे जागेचीच टंचाई आहे, पण तिच्यातून शिकायला मिळतं ते वेगळं. टेनलायनरमध्ये तर्क आवळावा लागतो. भाचीचा खेळ बघा: रायबंदरहून चोडणला फेरीबोट न्यायची, वाटेत होड्या चुकवायच्या. 'ओ' दाबलं की डावीकडे, 'पी' दाबलं की उजवीकडे. पायथॉनच्या सवयीने तिने दोन 'इफ' लिहिले. पण स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये 'इफ'ची अट खोटी ठरली की त्या ओळीतलं पुढचं सगळंच वगळलं जातं, म्हणजे प्रत्येक 'इफ'ला जवळपास एक स्वतंत्र ओळ द्यावी लागते. दहापैकी दोन ओळी तिथेच संपल्या. मग तिला जुनी युक्ती दाखवली: स्पेक्ट्रमवर खऱ्या अटीची किंमत १ आणि खोट्या अटीची ०. तेव्हा बोटीच्या जागेत 'पी दाबलं आहे का' ही अट मिळवायची आणि 'ओ दाबलं आहे का' ही वजा करायची. 'इफ' एकही नाही आणि अर्ध्या ओळीत काम झालं. हीच युक्ती कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या संगणकावर नेली तर बोट उलटी पळेल, कारण तिथे खऱ्याची किंमत उणे १ आहे. हे ऐकून ती जी हसली, त्यावरूनच मला कळलं की हिच्यासाठी हीच स्पर्धा.

आणि नवशिक्याने यंत्र स्पेक्ट्रमच घ्यावं, हेही मी आग्रहाने सांगेन. वर्तुळ, रेषा, आवाज यांच्या आज्ञा त्याच्या बेसिकमध्येच आहेत. कमोडोर ६४ चा सिड हा आवाजाचा चिप अप्रतिम, पण त्याच्या बेसिकमध्ये आवाजाची किंवा चित्राची एकही आज्ञा नाही, सगळं 'पोक' करत, म्हणजे स्मृतीत थेट आकडे भरत बसावं लागतं आणि त्यात अक्षरं भराभर खर्च होतात. बीबीसी मायक्रोचं बेसिक या तिघांत सर्वांत सुघड. ज्याला नीटनेटका कोड आवडतो त्याने ते घ्यावं.

इथे माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. माडावरून पडणारे नारळ टोपलीत झेलायचा खेळ मी कमोडोरवर केला होता. लिहिताना एम्युलेटर वेगवान मोडवर राहिला. खेळ झकास पळत होता, मी समाधानाने पाठवून दिला. नंतर खऱ्या वेगात चालवला तर एकेक नारळ खाली यायला युग लागत होतं. त्या यंत्रावर नुसत्या रिकाम्या हजार फेऱ्यांनाही सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हापासून पाठवण्याआधी मी यंत्राचा वेग दोनदा तपासतो.

मित्राचं प्रकरण वेगळं. रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे), व्यत्यय (इंटरप्ट), स्मृतीचे पत्ते हे त्याचं रोजचंच जेवण आहे. त्याला मी सरळ २५६ बाइट सुचवले. कमोडोरवर हिशोब असा: फाइल कुठे लोड व्हावी हे सांगणारे २ बाइट, मशीन कोड सुरू करून देणाऱ्या एका ओळीच्या बेसिकचे १२ बाइट. उरले २४२. मग रॉममधलेच, म्हणजे यंत्राच्या कायमच्या स्मृतीतलेच आकडे नक्षीसाठी उसने घ्यायचे, सुरुवातीला रजिस्टरमध्ये आपोआप काय शिल्लक असतं ते ओळखून तेवढे बाइट वाचवायचे. एक बाइट वाचला की दिवस सार्थकी लागतो. पण ज्याला असेंब्ली (प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिण्याची भाषा) मुळीच येत नाही त्याने इथून सुरुवात करू नये. पहिला महिना नुसता काळा पडदाच बघण्यात जातो आणि उमेद संपते.

दोन्ही जड वाटत असतील तर डिसेंबरातलं व्हिंटेज कम्प्युटिंग ख्रिसमस चॅलेंज बघा. दिलेली एक नक्षी कमीत कमी बाइटांत छापायची. २०२१ मध्ये झाड होतं, २०२२ मध्ये तारा. नाताळात इथे घरोघरी तारा टांगलेला असतोच, आणि ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला त्यातली समरूपता चटकन दिसते. एका शनिवार-रविवारचं काम. मात्र यात खेळ घडवण्याची मजा नाही.

सारब्रुकनला ईस्टरच्या सुट्टीत भरणारं रिव्हिजन (२०११ पासून) हे डेमोंचं, म्हणजे संगणकाची करामत दाखवणाऱ्या चित्र-संगीताच्या प्रोग्रॅमचं संमेलन मात्र तूर्त घरबसल्या थेट प्रक्षेपणात बघायचं. जुन्या यंत्रांच्या डेमोंची रात्र चुकवू नका. तिथे दिसणारं काम मोठमोठ्या गटांनी महिनोन्‌महिने खपून केलेलं असतं, त्याच्याशी आपली पहिली फाइल ताडून बघू नका. आणि १९९६ पासून चालणारी स्पेक्ट्रमच्या मुद्दाम रद्दड खेळांची स्पर्धाही आहे. भीड चेपायला ती चांगली, शिकायला नव्हे.

वेळेचंही बघा. टेनलायनरचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला येतात, म्हणजे आपल्याकडे शिगमो (होळीचा सण) आणि परीक्षा एकदमच. म्हणून भाचीला सांगितलंय की खेळ दिवाळीपर्यंत उभा कर, नंतर फक्त काटछाट. सध्या तो बारा ओळींत आहे. काल रात्री फोनवर तासभर त्या दोन ओळींवरच बोलणं झालं. पाण्याचा रंग बदलणारी ओळ काढायला ती तयार नाही, मांडवी संध्याकाळी तशीच दिसते म्हणते. तेव्हा आता गुण मोजणारी ओळ बोट हलवण्याच्या ओळीत कशी घुसवता येईल, ते बघतोय.