ट्रॅकवर कोणती बटणं दिसावीत? क्यूबेस, रीपर, लॉजिक आणि प्रो टूल्स

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस ट्रॅकचं, म्हणजे चाळीस वेगळ्या आवाजांचं, सेशन लॅपटॉपच्या स्क्रीनवर उघडलं की ट्रॅकची नावं कापली जातात आणि हवं ते बटण नेमकं सापडत नाही. इथे सॉफ्टवेअर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ट्रॅकच्या पट्टीवरची बटणं आपल्याला ठरवता येतात का, आणि विंडोंची मांडणी साठवली तर ती कुठे साठते?

बटणांच्या बाबतीत क्यूबेसचा हात धरणारं दुसरं नाही. ट्रॅक लिस्टमध्ये राइट क्लिक करून ‘ट्रॅक कंट्रोल्स सेटिंग्ज’ उघडा, ट्रॅकचा प्रकार निवडा आणि दिसणारी व लपलेली अशा दोन याद्यांमध्ये बटणं हलवा. क्रम बदलतो, नावाची रुंदी वाढते, प्रीसेटही साठवता येतो. मॉनिटर (येणारा आवाज ऐकण्याचं) आणि रेकॉर्ड ही बटणं एका ग्रुपमध्ये बांधली तर पट्टी अरुंद केल्यावरही ती जोडी फुटत नाही. लोक अडतात ते दोन ठिकाणी. ऑडिओसाठी केलेला बदल मिडी (आवाजाऐवजी सुरांच्या सूचना साठवणाऱ्या) ट्रॅकला लागू होत नाही, प्रत्येक प्रकार वेगळा लावावा लागतो. आणि बटण यादीत असूनही ट्रॅकची उंची एकाच ओळीची असेल तर ते दिसत नाही. ट्रॅकची खालची कड ओढली की येतं.

रीपरचा विचार वेगळा, आणि जास्त चतुर. आवृत्ती ६ च्या डीफॉल्ट थीमसोबत येणाऱ्या थीम अ‍ॅडजस्टरमध्ये प्रत्येक बटणाला अट लावता येते: मिक्सर उघडा असताना लपव, ट्रॅक निवडलेला नसेल तर लपव, आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार) नसेल तर लपव. छोट्या स्क्रीनवर हे वरदानच. पण हे सगळं थीमवर अवलंबून आहे. डाउनलोड केलेली दुसरी थीम लावली की या अटी चालतीलच असं नाही.

लॉजिकमध्ये ऑप्शन-टी दाबा आणि हव्या त्या खुणा करा, झालं. ऑन-ऑफ बटण तेवढं जरूर घ्या. ते बंद केलं की त्या ट्रॅकच्या प्लगइनचा (जोडलेल्या इफेक्ट किंवा वाद्यांचा) प्रोसेसरवरचा भार उतरतो. मांडणी आकड्यांच्या कळांवर स्क्रीनसेट म्हणून राहते. मात्र स्क्रीनसेट लॉक केला नसेल तर खिडकी जरा सरकवली तरी जुनी मांडणी पुसली जाते. म्हणून मनासारखं जमलं की लगेच शिफ्ट-एल.

प्रो टूल्समध्ये एकेक बटण निवडायची सोय नाही. उंची ‘मायक्रो’ केली की बटणं आपोआप आक्रसतात. इथली ताकद मेमरी लोकेशनमध्ये आहे: झूम, ट्रॅकची उंची, कोणते ट्रॅक दिसायचे, सगळं एका खुणेत बसतं. विंडो कॉन्फिगरेशन, म्हणजे विंडोंची मांडणी, हेही सेशनसोबतच साठतं, त्यामुळे दुसऱ्या स्टुडिओत जाऊन मिक्स करणाऱ्यांना हेच सोयीचं. क्यूबेसमध्ये वर्कस्पेस (विंडोंची साठवलेली मांडणी) ग्लोबल ठेवला असेल तर तो आपल्याच मशीनवर राहतो. सोबत न्यायचा तर प्रोजेक्ट वर्कस्पेस करा.

चारही ठिकाणी लपवलेला ट्रॅक वाजतच राहतो. मिक्समध्ये अनोळखी आवाज आला तर आधी लपलेले ट्रॅक उघडून बघा.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक पाहावं. प्रो टूल्समध्ये विंडो कॉन्फिगरेशन बोलवायला नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर) टिंब, क्रमांक, फुली (*) असं दाबावं लागतं. नमपॅड नसेल तर तो वेगळा जोडा, नाहीतर दर वेळी यादीतून माउसने निवडा. क्यूबेसच्या वर्कस्पेसची कळही नमपॅडवरच असते, पण ती की कमांड्समधून बदलता येते.