नसांसाठीची बी-जीवनसत्त्वांची कॅप्सूल : तीन महिन्यांचा अनुभव

रात्री तळपायांना मुंग्या येत आणि चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नसे. मधुमेहासाठी मी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेते आणि त्याने बी-१२ चे शोषण कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावले. बी-१२ खरोखरच कमी निघाले, आणि त्यानंतर ही कॅप्सूल सुरू झाली.

हिच्यात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चेच एक रूप, १५०० मायक्रोग्रॅम आहे. रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची असताना हा आकडा अवाढव्य वाटतो. पण शरीराची नेहमीची शोषणयंत्रणा एका वेळी एक-दोन मायक्रोग्रॅमच उचलते आणि उरलेल्यातला सुमारे एक टक्काच आपसूक झिरपतो, त्यामुळे मोठी मात्रा समजण्यासारखी आहे. दोन महिन्यांत मुंग्या बऱ्याच ओसरल्या. अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून आहे. कमतरता फार काळ राहिली तर नसांची हानी पूर्ण भरून येतेच असे नाही. लघवी गडद पिवळी होते, ती बी-२ मुळे; त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

माझा खरा आक्षेप बी-६ वर आहे. डबीच्या मागे, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, त्याचे प्रमाण १०० मिलिग्रॅम दिले आहे. प्रौढ माणसाला दिवसाला दोन मिलिग्रॅमही लागत नाही, आणि बी-६ दीर्घकाळ जास्त घेतल्यास संवेदना वाहणाऱ्या नसांनाच इजा होते, म्हणजे ज्या बधिरपणासाठी औषध घ्यायचे तोच वाढतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. शिवाय माझ्या रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही बी-६ होतेच. दोन्ही डब्या डॉक्टरांपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनी दोन्ही बंद करून नुसती बी-१२ ची गोळी दिली.

क्षयावरच्या आयसोनियाझिडसोबत बी-६ मुद्दाम दिले जाते, त्यामुळे तसे औषध चालू असणाऱ्यांनी बी-६ परस्पर थांबवू नये. इतरांनी ही कॅप्सूल तपासणीआधी घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते, कारण तिच्यातल्या फॉलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारतो, अहवाल बरा दिसतो आणि बी-१२ अभावी नसांची झीज आत चालूच राहू शकते.

मी ही डबी पुन्हा घेणार नाही. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी आहे.