इमर्जन्सी स्टॉप बसवून आठ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

दोन लेथ, एक पॅकिंग कन्व्हेयर आणि एक हायड्रॉलिक प्रेस. या चारही मशीनवरची जुनी इमर्जन्सी बटणं काढून नवी बसवली, त्याला आता आठ महिने झाले. सुरुवातीला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे. २२ मिमीचं भोक, मशरूम बटण, दोन वायरी, झालं. खरं तर बटणाबद्दल सांगण्यासारखं फार नाहीच. ४० मिमीचं लाल डोकं, मागे पिवळी तबकडी, दाबलं की अडकून बसतं, फिरवलं की सुटतं. आजवर एकही तुटलेलं नाही. डोकेदुखी झाली ती सगळी पॅनेलच्या पत्र्यामागे.

जुन्या वायरिंगमध्ये बटणाचा एकच एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, बटण दाबलं की उघडणारा) होता आणि तो थेट साध्या पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) इनपुटला जात होता. पीएलसी हँग झाला किंवा आउटपुटचा रिले चिकटला, तर माणूस बटण दाबतच राहणार. आता दोन एनसी कॉन्टॅक्ट दोन वेगळ्या चॅनेलनी सेफ्टी रिलेला (दोन्ही चॅनेल जुळतात का ते तपासणाऱ्या रिलेला) जातात, रिलेच्या पुढे दोन कॉन्टॅक्टर (मोटरची पॉवर जोडणारे-तोडणारे स्विच) सिरीजमध्ये आहेत, आणि त्या दोघांचे मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेला असेल तर न जोडले जाणारे छोटे कॉन्टॅक्ट) रिसेटच्या वाटेत घातलेत. एक कॉन्टॅक्टर वेल्ड झाला, म्हणजे चिकटून बसला, तरी दुसरा मशीन थांबवतो, आणि पुढचा रिसेट होत नाही. एनसीच का, असं नवीन पोरं विचारतात. वायर तुटली तरी मशीन थांबतं, म्हणून. एनओवर, म्हणजे दाबल्यावरच जोडणाऱ्या कॉन्टॅक्टवर, असतं तर तुटलेली वायर ज्या दिवशी बटणाची खरी गरज पडली त्याच दिवशी कळली असती.

तिसऱ्या महिन्यात कन्व्हेयर रिसेट होईना. रिलेवर फॉल्टचा दिवा. ‘रिलेच गेलाय’ असं सगळ्यांचं मत पडलं, एक जण तर जंपर टाकायला, म्हणजे रिले वगळून थेट जोडायला, तार सोलूनही तयार होता. त्याला थांबवून बटणाचा डबा उघडला, तर दोनपैकी एक कॉन्टॅक्ट ब्लॉक होल्डरमधून सुटून वायरीवर लोंबत होता. बसवताना क्लिप पूर्ण बसली नव्हती, बाकीचं काम कन्व्हेयरच्या थरथरीनं केलं. यात घाबरण्यासारखं काय, ते नीट समजून घ्या. ब्लॉक डोक्यापासून सुटला की बटण दाबलं तरी त्याला कुणी ढकलत नाही, त्यामुळे एनसी जोडलेलाच राहतो. आमचा एकच सुटला होता, म्हणून दुसऱ्या चॅनेलनं पट्टा थांबवला आणि दोन्ही चॅनेल जुळेनात म्हणून रिलेनं रिसेट अडवला. दोन्ही एकदम सुटले असते, तर बटण व्यवस्थित आत गेलं असतं, अडकून बसलं असतं आणि पट्टा चालूच राहिला असता.

त्यानंतर सगळीकडे सेल्फ-मॉनिटरिंग ब्लॉक घातले. त्यात एनसीच्या सिरीजमध्ये एक जादा कॉन्टॅक्ट असतो, तो ब्लॉक डोक्याला नीट बसलेला असेपर्यंतच जोडलेला राहतो. ब्लॉक निघाला की मशीन बंद. साध्या ब्लॉकपेक्षा थोडे महाग पडतात, पण आज पुन्हा खरेदी करायची झाली तर पहिल्यांदा हेच घेईन. ब्लॉकवर वर्तुळात बाणाची खूण आहे ना, तेही बघा. ती असेल तर चिकटलेला कॉन्टॅक्टसुद्धा बटणाच्या जोरानं ओढून उघडला जातो, नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर काम नाही.

लेथवर मात्र आमचीच चूक झाली. बटण दाबलं की मोटरची पॉवर एकदम तुटेल, अशी जोडणी केली. यालाच स्टॉपची कॅटेगरी ० म्हणतात. जड जॉब लावून घड्याळ धरलं, तर चक (जॉब पकडणारा फिरता भाग) ११ सेकंद फिरत राहिला. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) रॅम्पवर, म्हणजे वेग ठरावीक दरानं उतरवत, नेहमीचा स्टॉप ३ सेकंदांत थांबवत होता, म्हणजे इमर्जन्सी साध्या स्टॉपपेक्षा हळू! आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विद्युत मानकाप्रमाणे इमर्जन्सीसाठी कॅटेगरी ० किंवा १ चालते, २ नाही, कारण २ मध्ये थांबल्यावरही पॉवर तशीच राहते. आम्ही १ वर गेलो. बटण दाबताच ड्राइव्हला वेग उतरवायचा आदेश जातो, आणि टाइम डिलेचा सेफ्टी रिले ४ सेकंदांनी एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ, ड्राइव्हकडून मोटरला मिळणारा जोर तोडणारी सोय) पाडतो. ड्राइव्हनं आदेश ऐकला नाही तरी चौथ्या सेकंदाला टॉर्क जातोच. पहिल्या चाचणीत ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झाला, मग थांबताना मोटरकडून परत येणारी वीज जिरवायला ब्रेकिंग रेझिस्टर लावावा लागला.

रिसेटचाही एक धडा मिळाला. कन्व्हेयरचा स्टार्ट सिलेक्टर स्विचवर होता. बटण फिरवून सोडलं, रिसेट दाबला आणि पट्टा आपोआप निघाला, कारण सिलेक्टर ऑनवरच होता. इमर्जन्सी स्टॉपचं मानक आयएसओ १३८५० स्पष्ट सांगतं की रिसेटनं मशीन सुरू होता कामा नये, फक्त सुरू करायची परवानगी मिळावी. सिलेक्टर काढून होल्डिंगवाला (एकदा दाबून सोडलं की सर्किट स्वतःच धरून ठेवणारं) स्टार्ट पुश बटण दिलं. रिसेटची जागाही बदलली, आता तिथून पूर्ण पट्टा दिसतो.

उंचीचं सोपं आहे, उभं राहायच्या पातळीपासून ०.६ ते १.७ मीटर. पण एका लेथवर येता-जाता कंबर लागून बटण दाबलं जायचं, म्हणून कुणीतरी भोवती खोल कडं बसवलं. त्यात तळहात जाईना, बोटानं चाचपडायची वेळ आली. कडं काढलं आणि बटणच एक वीत सरकवलं.

ऑपरेटर पाळी संपली की इमर्जन्सी दाबूनच मशीन बंद करायचे. आधी चिडलो, मग लक्षात आलं की साधा स्टॉप पॅनेलच्या दारावर, चार पावलं लांब होता. तो हाताशी आणून दिला, सवय आपोआप गेली. दुसरी सवय जास्त वाईट आहे, इमर्जन्सी दाबून आत हात घालून साफसफाई करणं. ते बटण कुणीही फिरवून सोडू शकतं. त्यासाठी मेन आयसोलेटरला (मशीनची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला) कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात, दुसरा उपाय नाही.

कन्व्हेयरच्या लांब बाजूला रोप स्विच लावलाय. दोर ओढला की थांबतो, तसाच ढिला पडला किंवा तुटला तरी थांबतो, आणि तो तसाच असायला हवा. फक्त ऊन वाढलं की दोर सैल होऊन उगाच ट्रिप येतात. दोराच्या टोकाला स्प्रिंग घातल्यापासून कमी झालेत, बंद नाही.

आता दर महिन्याला प्रत्येक बटण एकेक करून, मशीन चालू ठेवूनच दाबतो, आणि दोन्ही चॅनेल पडले का ते रिलेच्या दिव्यांवर बघतो. प्रेसचं काम अजून अर्धवटच आहे. तिथे बटणानं पंपाची मोटर थांबते, पण अक्युम्युलेटरमधला (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीतला) दाब तसाच राहतो आणि रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग) वर लटकलेलाच असतो. दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि रॅम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, दोन्ही बसायचे आहेत. तोवर डायला (रॅमखालच्या साच्याला) हात लावायच्या आधी रॅमखाली ठोकळा, अक्युम्युलेटरचा दाब हातानं सोडून गेज शून्यावर, आणि आयसोलेटरला कुलूप.